कमानपाट्याची पास

सायकल कोळप्याचा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या, हाताने ढकलायच्या अवजाराचा, सांगाडा बनवणं अवघड नाही. जुन्या सायकलचं पुढचं चाक फोर्कसकट काढायचं, पाइप वाकवून दोन मुठी करायच्या, मागे एक आडवी पट्टी जोडायची आणि तिला दोन जानवळी, म्हणजे पास धरणारे दांडे, लावायची. गावोगावचे फॅब्रिकेशनवाले असं कोळपं तयार विकतात आणि त्यांचं काम चांगलंही असतं. माझा प्रश्न होता तो पासेचा. मातीखाली बोटभर खोल सरकत तणाची मुळं कापते ती पास, आणि तयार कोळप्याला ती बहुतेक वेळा साध्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे नेहमीचं मऊ लोखंड) पट्टीची असते. आमच्या अर्ध्या एकरात काळी माती, त्यात मध्ये मध्ये मुरमाचे खडे. एमएसची पास चार ओळींत बोथट होते, आणि खड्याला जोरात अडली की कोपऱ्यात वाकते ती वाकतेच. बोथट पास तण कापत नाही, ओढत नेते. मग जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की कोळपं भरकटून सोयाबीनच्या ओळीत शिरतं. ४५ सेंटीमीटरवर पेरलेल्या ओळींत चुकायला फार जागा नसते.

म्हणून कोळपं घरी बनवायचं, पास स्प्रिंग स्टीलची करायची आणि ती स्वतःच जोडायची, असं ठरवलं. आर्क वेल्डिंग मी बरीच वर्षं करते. घरचं गेट, विहिरीवरची जाळी, शेडचे खांब, सगळं घरच्या इन्व्हर्टर मशीनवर झालं आहे. पण ते सगळं एमएस. स्प्रिंग स्टीलचं नाव काढलं की अनुभवी वेल्डरसुद्धा ‘त्याला वेल्डिंग बसत नाही’ म्हणून विषय संपवतात. का बसत नाही आणि कसं बसेल, ते मला नीट समजून घ्यायचं होतं.

आधी लोखंडाबद्दल. साध्या एमएसमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. स्प्रिंग स्टीलमध्ये तो अर्धा टक्का ते ०.६ टक्क्यांच्या घरात जातो. आपल्याकडच्या गाड्यांच्या कमानपाट्यांत, म्हणजे धक्के झेलणाऱ्या कमानीतल्या लीफ स्प्रिंगच्या पट्ट्यांत, दोन-तीन जाती मुख्य. ईएन ४५ किंवा त्याच्या भावंडांत दीड ते दोन टक्के सिलिकॉन असतं. एसयूपी ९ मध्ये सिलिकॉन कमी आणि क्रोमियम पाऊण टक्क्याच्या आसपास. ईएन ४७ हे क्रोम-व्हॅनेडियम, त्यातलं उंची. पास करायला यातलं कुठलंही चालतं.

एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटली. स्प्रिंग स्टील एमएसपेक्षा ‘जास्त लवचीक’ असतं असं आपण म्हणतो, पण एकाच जाडीच्या दोन पट्ट्यांवर सारखं वजन टांगलं तर दोन्ही जवळजवळ सारख्याच वाकतात. फरक वजन काढल्यावर दिसतो. एमएस पट्टी एका मर्यादेनंतर वाकलेलीच राहते, स्प्रिंग स्टीलची त्याच्या कितीतरी पुढे जाऊनही सरळ होते. हा गुण नुसत्या मिश्रणातून येत नाही. तापवून तेलात विझवणं आणि मग पुन्हा साडेचारशे ते पाचशे अंशांच्या आसपास तापवून कडकपणा थोडा उतरवणं, या पाणी देण्यातून तो येतो. जोडकाम करताना जपायचं असतं ते हे पाणी. पट्टी कुठल्या कंपनीची आहे, याला त्यापुढे फारसं महत्त्व नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात चौकशी केली. नवी ईएन ४५ ची पट्टी मिळते, टेस्ट सर्टिफिकेटसकट मिळते, पण अख्खी लांबी घ्यावी लागते आणि माल बिनपाण्याचा, मऊ येतो. म्हणजे कापणं, भोकं पाडणं सोपं. पण नंतर भट्टीत टाकून पाणी द्यायचं काम शिल्लक राहतं. वीतभर लांबीच्या पासेसाठी हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जाणं मला पटेना. त्यापेक्षा ज्याला कारखान्यातच नीट पाणी दिलेलं आहे असा जुना कमानपाटा घ्यायचा आणि त्याचं पाणी शाबूत ठेवून काम करायचं, हे बरं वाटलं. आपल्याकडे पाट्याचे कोयते, पाट्याचे विळे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत ते काही उगाच नाही.

महामार्गाच्या कडेला ट्रकच्या कमानी बांधणाऱ्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका मिस्त्रींकडे गेले. दुकानाबाहेर तुटक्या पाट्यांचा ढीग, आत एक जण घणाने पाट्याला कमान मारत होता. मी काय हवं ते सांगितलं.

“पाटा देतो की ताई, किलोवर घ्या. पन त्याला वेल्डिंग मारू नका. तडकतंय,” मिस्त्री म्हणाले.

“कुठं तडकतं, मिस्त्री? वेल्डिंगमध्ये का कडेला?”

ते थांबले, विचार करून म्हणाले, “कडंला. रॉडचा माल ऱ्हातोय तसाच, पाटा सुटून येतोय.”

हे उत्तर ऐकून मला फार बरं वाटलं, कारण पुस्तकात जे वाचलं होतं तेच हा माणूस हाताच्या अनुभवावरून सांगत होता. ट्रकचे पाटे दहा-बारा मिलिमीटर आणि त्याहून जाड. माझ्या हाताने ढकलायच्या कोळप्याला ते नकोत, घासून पातळ करण्यातच दिवस जाईल. पिकअप-जीपच्या कमानीतला ६० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पाटा मिळाला. मिस्त्रींनी एक गोष्ट आवर्जून सांगितली: तुटलेल्या पाट्याचा तुटीजवळचा तुकडा घेऊ नका, आणि मधल्या बोल्टच्या भोकाजवळचाही नको. पाटा तुटतो तो वर्षानुवर्षं वरखाली होऊन, आणि एक तडा दिसतो तिथे न दिसणारे आणखी असू शकतात. मी टोकाकडचा, गंजाचे खोल खड्डे नसलेला भाग निवडला.

आणखी एक: कमान बांधलेलीच हाती आली तर ती घरी खोलू नये. मधला बोल्ट सुटताना पाटे उसळतात. सुटा पाटाच मागावा.

घरी आणून पहिल्यांदा तडे तपासले. वायर ब्रशने गंज काढला, पट्टीला रॉकेल चोळलं, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसलं आणि वरून खडूची बारीक पूड भुरभुरली. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू खडूत चढतं आणि केसासारखी काळपट रेघ उमटते. माझ्या तुकड्यावर रेघ आली नाही. मग ग्राइंडरवर ठिणगी पाहिली. शेजारी एमएसचा तुकडा आणि एक जुनी कानस ठेवली. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, टोकाला क्वचित एखादा फाटा. कानशीच्या आखूड, आणि दाट फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. पाट्याच्या दोन्हींच्या मधल्या. एवढ्यावरून नेमकी जात कळत नाही, पण कार्बन भरपूर आहे हे कळतं, आणि वेल्डिंग कसं करायचं हे ठरवायला तेवढं पुरतं. उद्यमनगरात ओळखीच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे कडकपणाही मोजून घेतला. कडकपणाच्या रॉकवेल सी या मापावर ४३ आला. गाडीच्या पाट्यांचा कडकपणा साधारण ४० ते ४८ मध्ये असतो, म्हणजे पाणी शाबूत होतं.

आता प्रश्न असा की वेल्डिंग करायचंच कशाला? बोल्ट का नाही? याचा मी खूप विचार केला. ४३ कडकपणाच्या पट्टीला साध्या ड्रिलने भोक पडत नाही. कोबाल्टचं किंवा कार्बाइडचं ड्रिल लागतं. ते आणता आलं असतं. पण भोक म्हणजे ताण गोळा होण्याची जागा, आणि पासेच्या पोटाशी बोल्टचं डोकं आलं की त्याला तण आणि ओली माती अडकते. पास तळाशी अगदी सपाट हवी. म्हणून मी मधला मार्ग काढला. पासेच्या मागच्या कडेला, धारेपासून शक्य तितक्या लांब, एमएसचे दोन कान, म्हणजे छोट्या जोडपट्ट्या, वेल्ड करायचे, आणि त्या कानांना जानवळी १० मिलिमीटरच्या बोल्टने जोडायची. स्प्रिंग स्टीलला जोड फक्त एकाच ठिकाणी, तोही जिथे पट्टी वाकत नाही तिथे. पास झिजली की बोल्ट काढून दुसरी लावायची. गाडीत चालणाऱ्या कमानीला मी असं काही कधीच करणार नाही. तिथे पाट्याची सगळी लांबी वाकत असते आणि जोड तुटला तर जिवाशी खेळ. कोळप्याची गोष्ट वेगळी.

मिस्त्री म्हणाले त्या ‘कडेला’ काय होतं ते सांगते. वेल्डिंगच्या ओघळाला लागून असलेली मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पट्टी क्षणात लाल होते, आणि कंस (वेल्डिंगचा आर्क) पुढे सरकला की बाजूचं गार लोखंड तिची उष्णता ओढून घेतं. म्हणजे तेवढा भाग पाण्यात बुडवल्यासारखा विझतो. एमएसमध्ये कार्बनच कमी, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. पाट्यात मात्र तो भाग काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. त्यात रॉडच्या आवरणातल्या ओलाव्यातून हायड्रोजन आत शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, तडा जातो. किती धोका आहे हे पाहायला वेल्डिंगवाले कार्बन इक्विव्हॅलंट काढतात. कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचा पाचवा भाग आणि निकेल-तांब्याचा पंधरावा भाग मिळवायचा. एसयूपी ९ धरून हिशेब केला तर उत्तर ०.८५ च्या आसपास येतं. ०.४ च्या वर गेलं की आधी तापवण्याचा विचार करावा लागतो, म्हणजे आपण दुपटीच्याही पुढे आहोत.

उपाय यातूनच निघतो. गार लोखंडाने उष्णता झटकन ओढू नये म्हणून पट्टी आधीच तापवायची, अडीचशे ते तीनशे अंश. आणि इथे पाट्याचं जुनं पाणी आपल्या मदतीला येतं: तो साडेचारशेच्या पुढे उतरवलेला आहे, त्यामुळे तीनशेपर्यंत तापवल्याने त्याचा कडकपणा जात नाही. मला हे उमगलं तेव्हा सगळं काम एकदम आवाक्यात आल्यासारखं वाटलं.

तरीही खऱ्या पासेवर जाण्याआधी उरलेल्या तुकड्यांवर मुद्दाम तीन पद्धती करून पाहिल्या. पहिल्या तुकड्याला नेहमीचा ६०१३ रॉड, गारच. दुसऱ्याला तापवून ७०१८, म्हणजे कमी हायड्रोजनचा रॉड, तोही ताज्या सीलबंद पुड्यातला, कारण उघड्यावर राहिलेला ७०१८ ओल धरतो आणि तो साडेतीनशेच्या आसपास भाजून घ्यायची सोय माझ्याकडे नव्हती. तिसऱ्याला तापवून ३०९ एल, स्टेनलेसचा. दुकानदार तो सुटाही देतात. साध्या रॉडच्या कितीतरी पट महाग असला तरी काम चार-पाच रॉडचंच होतं. सगळे बारा गेजचे, म्हणजे अडीच मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी तुकडे व्हाइसमध्ये धरून एमएसच्या कानावर पाइप चढवला आणि ओढलं. पहिला तुकडा टणकन् तुटला. कान वाकलाही नाही. पाहिलं तर वेल्डचा ओघळ कानाला जसाच्या तसा, आणि त्याच्या पोटाला पाट्याची पातळ खपली चिकटून आलेली. तुटलेला पृष्ठभाग राखाडी, साखरेच्या कण्यांसारखा चमकणारा. एका कडेला मात्र काळसर, म्हणजे तिथे तडा आदल्या दिवशीच, लोखंड गरम असताना सुरू झाला होता. मिस्त्रींचं वाक्य डोळ्यांसमोर. दुसऱ्या तुकड्याचा कान बराच वाकला आणि मग एका टोकाकडून वेल्ड फाटायला लागला. तिसऱ्याचा कान नव्वद अंशांत वाकवला, उलटा वाकवला, शेवटी कानच फाटला, जोड जागेवर. स्टेनलेसचा माल मऊ आणि चिवट असतो, थंड होतानाचा ताण तो स्वतः ताणून घेतो आणि हायड्रोजनही स्वतःत धरून ठेवतो, कडेला कमी जाऊ देतो. दोन वेगळ्या जातींचं लोखंड जोडायला ३०९ वापरतात ते यासाठीच. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

मग खरी पास. पाट्याचा २० सेंटीमीटरचा तुकडा एक मिलिमीटरच्या कटिंग व्हीलने कापला, सावकाश, मध्येमध्ये थांबत. त्याला मूळ कमानीचा चार-पाच मिलिमीटरचा बाक राहिला तो राहू दिला. सरळ करायला लाल तापवावं लागलं असतं आणि पाणी गेलं असतं. कान लावायच्या कडेला दोन्ही बाजूंनी तिरकं घासून घेतलं, गंज आणि काळा थर निघून पांढरं लोखंड दिसेपर्यंत.

तापमान मोजायला इन्फ्रारेड गन होती, पण चकचकीत लोखंडावर ती खोटं सांगते. त्यापेक्षा जुनी रीत खरी ठरली. पासेच्या मध्यावर एक जागा पॉलिश पेपरने आरशासारखी घासली आणि कोळशाच्या शेगडीवर पट्टी ठेवली. बराच वेळ काहीच होत नाही. मग त्या पांढऱ्या जागेवर फिका गवती पिवळा रंग चढतो, हे साधारण सव्वादोनशे अंश. तो गडद होत तपकिरी होतो, मग जांभळा, आणि एका क्षणी मोरपिशी निळा. निळा म्हणजे तीनशेच्या घरात. जांभळ्यातून निळ्यात जाताना पट्टी सांडशीने उचलली, विटांवर टेकवली आणि लगेच टाके मारले. ३०९ ला ७० अँपिअर, कंस अगदी जवळ धरून, ओघळ बोटभर लांबीचे. एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला, एक मागून. एका जागी उष्णता साठू द्यायची नाही आणि पट्टी गारही होऊ द्यायची नाही. मध्ये एकदा पट्टी परत शेगडीवर ठेवली. रंग एकदा चढला की गार झाल्यावरही जात नाही, म्हणून ती जागा पुन्हा घासून नव्याने निळी होईपर्यंत थांबले. प्रत्येक ओघळ गरम असतानाच छोट्या हातोडीने हलके ठोकला. त्याने आकसण्याचा ताण थोडा सुटतो.

हे काम अंगणात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून केलं. स्टेनलेसच्या रॉडचा धूर वाईट, त्यात क्रोमियम असतं. बंद शेडमध्ये हा रॉड लावू नये.

वेल्डिंग पाच-सात मिनिटांचं. त्यानंतर पास पुन्हा शेगडीवर, निळ्या रंगाच्या बेताने अर्धा तास. विस्तव झाकून-उघडून तेवढा राखायचा, एवढंच काम. तोवर बाजूला पत्र्याच्या डब्यात राख तापत ठेवली होती. आमच्याकडे गुऱ्हाळं आहेत, चुलवाणातली चिपाडाची राख हवी तेवढी मिळते. हलकी, कोरडी, चाळून घेतली की अगदी पिठासारखी. पास तिच्यात पुरली आणि वर गोणपाट टाकलं. संध्याकाळी पुरलेली पास सकाळी काढली तेव्हा अजून कोमट होती.

मग रॉकेल आणि खडू पुन्हा, या वेळी वेल्डच्या कडेकडेने, भिंग लावून. रेघ नाही. दोन दिवस तशीच ठेवून परत पाहिलं, कारण हायड्रोजनचा तडा उशिरा येतो. तरीही नाही. धार लावताना पट्टी पाण्यात बुडवल्यासारखी थंड ठेवावी लागते: फ्लॅप डिस्क दोन सेकंद फिरवायची, बोट लावून पाहायचं, बोट टेकवत नसेल तर ओल्या फडक्यावर ठेवायचं. कडेला निळी झाक आली तर तेवढी धार मऊ पडण्याच्या वाटेवर असते. धार वरच्या बाजूने, एकाच अंगाने दिली, तळ सपाट.

पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात कोळपं शेतात घातलं. वाफसा होता. पास मातीत बसताच फरक हाताला कळला. एमएसच्या पासेला मुठींवर सतत दाब द्यावा लागायचा. ही स्वतःहून आत शिरते, बारीक तणाची मुळं कापल्याचा कर्रकर्र आवाज मुठीत जाणवतो, आणि खड्याला अडली की क्षणभर ताणून सुटते. जमिनीखाली गाठी असलेला लव्हाळा मात्र कुठल्याच पासेने संपत नाही, तो खणूनच काढावा लागतो.

दोन्ही कोळपण्या झाल्या. मधल्या काळात धार एकदाच कानशीने सारखी केली. ४३ कडकपणावर चांगली कानस जेमतेम धरते, पण धरते. हंगाम संपल्यावर पास उतरवली, धुतली आणि वेल्डच्या कडांना परत रॉकेल-खडू केला. जोड पहिल्यासारखा. ढिले झाले ते कानांचे बोल्ट, आणि एका भोकाची कड थोडी लंबगोल झाली आहे. आता तिथे नायलॉक नट (हादऱ्यांनी ढिले न होणारे) लावले आहेत आणि कान ५ ऐवजी ८ मिलिमीटरचे करायचे आहेत. भुईमुगाच्या ओळी ३० सेंटीमीटरच्या, त्यांना ही पास रुंद पडते. त्याच पाट्याचा उरलेला तुकडा १४ सेंटीमीटरवर आखून ठेवला आहे, आणि ३०९ चे दोन रॉड तेलकट कागदात नाही, तर झाकण घट्ट बसणाऱ्या कोरड्या डब्यात आहेत.